उत्तर यायच्या आधीच दुसरा प्रश्न: हॅस्केलच्या आळसाला वेसण कशी घालायची

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. लातूरला आमच्या लॅबमध्ये औशाच्या एका विद्यार्थिनीनं मला हाक मारली. ‘मॅडम, हे बघा की. मी गाव सांगायच्या आधीच ह्यानं एकर विचारले.’ काळ्या खिडकीत एकच ओळ होती:

गाव कोणतं? किती एकर?

आणि तिच्यापुढे कर्सर लुकलुकत होता. हॅस्केल या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम अगदी साधा. शेतकऱ्याला गाव विचारायचं, उत्तर येईपर्यंत थांबायचं, मग क्षेत्र विचारायचं, आणि एकरी ३० किलो धरून सोयाबीनचं बियाणं किती लागेल ते सांगायचं. तिनं ‘औसा’ टाइप करून एन्टर दाबलं, मग ‘५’ टाइप करून एन्टर दाबलं, आणि उत्तर आलं: औसा, १५० किलो. हिशेब चोख होता. बोलणं तेवढं बिघडलं होतं.

शेजारच्या मुलानं सांगितलं म्हणून तिनं दोन ठिकाणी एकच शब्द बदलला. आता खिडकी कोरी. प्रश्न नाही, काही नाही. तिनं अंदाजानंच ‘औसा’ आणि ‘५’ टाइप केलं, तेव्हा दोन्ही प्रश्न आणि उत्तर एकदम बदाबदा पडले.

आधी उतावळा असलेला प्रोग्राम असा मुका झाला. दोन्ही वेळा मशीननं काही चुकीचं केलं नव्हतं, आणि हेच मुलांना पटवून देणं सगळ्यात अवघड जातं. हॅस्केल ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं, कारण हा आळस आता रोजच्या भाषांमध्येही शिरला आहे. पायथन ३ मध्ये मॅप, म्हणजे यादीतल्या प्रत्येकावर तेच काम कर, असं लिहिलं की ते लगेच चालत नाही; कुणी त्यातून मूल्य मागितलं की मग चालतं. जावा ८ मध्ये, म्हणजे २०१४ साली आलेले स्ट्रीमही असेच. ‘मी लिहिलंय की, मग चालत का नाही?’ हे वाक्य मी दर सत्रात ऐकते.

## चिठ्ठी आणि काटा

सोयाबीनची ट्रॉली मोंढ्यात आली. समजा तिथला नियम असा आहे: ट्रॉली आल्या आल्या वजन करायचं नाही, तिच्यावर एक चिठ्ठी लावायची, ‘वजन काट्यावर करून घ्यावं’. आडत्यानं वजन विचारलं की ट्रॉली काट्यावर जाते आणि आकडा त्याच चिठ्ठीवर लिहिला जातो. नंतर हमाल विचारो की खरेदीदार, चिठ्ठीवरचा आकडा वाचायचा. आणि कुणी विचारलंच नाही, तर ट्रॉली काट्याचं तोंडही बघत नाही.

हॅस्केल जवळजवळ सगळे हिशेब असेच करते. या चिठ्ठीला थंक म्हणतात आणि या पद्धतीला लेझी इव्हॅल्युएशन, म्हणजे गरज पडेल तेव्हाच हिशेब करणं. आळस हा शब्द मला थोडा अन्यायाचा वाटतो. नको ते काम न करणं आणि केलेलं पुन्हा न करणं ही काटकसर झाली. १९७६ साली फ्रीडमन आणि वाइज या जोडीनं, तसंच हेंडरसन आणि मॉरिस यांनी या कल्पनेवर वेगवेगळे निबंध लिहिले. पुढे अशा आळशी भाषा बऱ्याच झाल्या. सगळ्यांनी मिळून एकच भाषा करावी म्हणून १९८७ साली समिती बसली आणि १९९० साली हॅस्केलचा पहिला अहवाल आला. नाव ठेवलं ते हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचं.

चिठ्ठीच्या या राज्यात एक गोष्ट मात्र हातची जाते. आपण कोणत्या क्रमानं लिहिलं यावर काम कोणत्या क्रमानं होईल हे ठरत नाही. ते ठरतं गरजेवर. हिशेबाला याचा काही त्रास नाही, वजन आधी केलं काय आणि नंतर केलं काय, आकडा तोच. संवादाचं तसं नसतं. संवादातून क्रम काढून घेतला तर उरतं काय?

## आवक आणि जावक

हॅस्केलमधलं फंक्शन काहीतरी घेतं आणि काहीतरी देतं, बस. मग अशा फंक्शननं माणसाशी बोलायचं कसं? जुनी आणि सुंदर युक्ती अशी: कीबोर्डवरून शेवटपर्यंत जे जे येणार आहे तो एक लांबलचक मजकूर समजायचा, स्क्रीनवर जे जे जाणार आहे तो दुसरा, आणि प्रोग्राम म्हणजे पहिल्यावरून दुसरा तयार करणारं फंक्शन. हॅस्केलमध्ये यासाठी इंटरॅक्ट नावाचं तयार हत्यार आहे. येणारा मजकूर सुरुवातीला हातात नसतोच, ती चिठ्ठी असते. एकेक अक्षर लागेल तसं उघडतं, आणि ते अजून टाइप झालेलं नसेल तर प्रोग्राम तुमची वाट बघत थांबतो. इथला काटा म्हणजे तुम्ही.

तहसीलला किंवा ग्रामपंचायतीत आवक-जावक नोंदवही असते. मी वर्गात हेच शब्द वापरते. कीबोर्डवरून येते ती आवक, स्क्रीनवर जाते ती जावक.

आता मोनॅड. या शब्दानं पोरं घाबरतात, पण आपल्या कामापुरता अर्थ एवढाच: पुढचं पाऊल मागच्या उत्तरावर ठरत असेल, तर अशी पावलं एकमेकांना जोडण्याची ठरलेली रीत. हॅस्केलच्या सुरुवातीच्या काळात संवादासाठी विनंत्यांची यादी आणि उत्तरांची यादी असा जरा अवघड कारभार होता. १९९३ साली सायमन पेटन जोन्स आणि फिलिप वॉडलर यांनी मोनॅडनं तो कसा सुटतो हे मांडलं आणि १९९६ च्या हॅस्केल १.३ मध्ये ती रीत भाषेत आली. मी मात्र मुलांना तयार मोनॅड वापरायला देण्याआधी एक हातानं लिहायला लावते.

त्यात प्रत्येक पाऊल आवक घेतं आणि एक लखोटा परत देतं. लखोट्यात तीन गोष्टी: उत्तर, न वापरलेली आवक, आणि जावक. हॅस्केलचा मजकूर मी इथे मराठीत मांडते आहे:

सांग मजकूर = आवक → (काही नाही, आवक, मजकूर)

वाच = आवक →
  धर (ओळ, बाकी) = एन्टरपाशी तोड आवक
  तर (ओळ, बाकी, "")

जोड पहिलं पुढचं = आवक →
  धर (उत्तर, बाकी, जावक१) = पहिलं आवक
  धर (निकाल, उरलं, जावक२) = पुढचं उत्तर बाकी
  तर (निकाल, उरलं, जावक१ ++ जावक२)

बाणाच्या डावीकडे पाऊल जे घेतं ते, कंस म्हणजे लखोटा, नुसती अवतरणचिन्हं म्हणजे रिकामा मजकूर, आणि दोन अधिक चिन्हं म्हणजे एका मजकुरापुढे दुसरा चिकटवणं. ‘धर’ म्हणजे लखोटा न फोडता हातात धरून ठेवणं. हॅस्केलमध्ये तिथे लेट येतं. त्याच जागी ‘फोड’ लिहिता येतं, म्हणजे लखोटा आत्ताच फोडून बघणं. तिथे केस येतं. शेजारच्या मुलानं तिला बदलायला सांगितलेला शब्द हाच.

## प्रश्न पुढे का पळाले?

स्क्रीनच्या जागी बसून बघा. स्क्रीनला जावक हवी आहे, एकेक अक्षर. पहिला तुकडा ‘गाव कोणतं?’ तयारच आहे, तो छापला. पुढचा तुकडा ‘वाच’ या पावलाचा. त्याची जावक रिकामी, आणि ती रिकामी आहे हे कळायला आवक बघायची गरजच नाही. मग पुढचा तुकडा ‘किती एकर?’ तोही तयार, छापला. पुढच्या ‘वाच’ची जावक पुन्हा रिकामी. मग येतो शेवटचा तुकडा, ज्यात गावाचं नाव आणि किलो आहेत. इथे पहिल्यांदा ‘ओळ’ लागली. ती चिठ्ठी उघडली, तर अजून कुणी काही टाइपच केलेलं नाही. म्हणून प्रोग्राम थांबला, दोन्ही प्रश्न विचारून झाल्यावर.

मी तिला म्हटलं, ‘दुसऱ्या प्रश्नात गावाचं नाव घाल बरं.’ तिनं तो असा केला: ‘तुमच्या’, मग टाइप केलेलं गाव, मग ‘गावात किती एकर?’ प्रोग्राम चालवला. स्क्रीनवर आलं:

गाव कोणतं? तुमच्या

आणि तिथेच थांबला. प्रश्नाच्या मधोमध. ती आधी हसली, मग गप्प होऊन बघत राहिली. ‘तुमच्या’ छापायला गाव लागत नाही, म्हणून ते निघून गेलं. पुढच्या अक्षराला गाव लागलं, म्हणून वाट बघणं आलं. हे अर्धं वाक्य मी अजून वर्गात दाखवते. दुसऱ्या प्रश्नाला पहिल्या उत्तराची गरज नसेल, तर आळशी भाषेत तो थांबणार नाही. त्याला थांबवायचं असेल तर गरज निर्माण करावी लागते.

## मग सगळीकडे ‘फोड’ का लावू नये?

शेजारच्या मुलाचा सल्ला हाच होता. तिनं ‘वाच’मध्ये ‘फोड’ लावलं आणि ‘जोड’मध्येही. ‘वाच’ आता आवक बघितल्याशिवाय लखोटा देत नाही. आणि ‘जोड’ला स्वतःचा लखोटा तयार करायला आतले दोन्ही लखोटे आधी फोडावे लागतात. संपूर्ण संवाद म्हणजे अशा जोडांची माळ. माळेचा सगळ्यात बाहेरचा लखोटा शेवटचं पाऊल होईपर्यंत तयारच होत नाही, आणि जावकेचं पहिलं अक्षर तर त्याच लखोट्यात आहे. म्हणून खिडकी कोरी राहिली. संवादाला शेवटच नसेल, समजा प्रोग्राम गावामागून गाव विचारतच राहणार असेल, तर एकही अक्षर कधीच दिसणार नाही.

दोन जागा, दोन शब्द, म्हणजे चार प्रकार. त्या दिवशी आम्ही चारही करून पाहिले. दोन्हीकडे ‘धर’: उतावळा. दोन्हीकडे ‘फोड’: मुका. ‘जोड’मध्ये ‘फोड’ आणि ‘वाच’मध्ये ‘धर’: पुन्हा उतावळा, कारण लखोटे फोडले तरी ते फोडायला आवक लागलीच नाही. ‘जोड’मध्ये ‘धर’ आणि ‘वाच’मध्ये ‘फोड’: पहिला प्रश्न, थांबला, दुसरा प्रश्न, थांबला, उत्तर. चारातला हा एकच बरोबर.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की थांबण्याची जागा वाचणारं पाऊल ही आहे, पावलं जोडणारी दोरी नव्हे. दोरी सैलच हवी, म्हणजे तयार झालेली जावक लगेच बाहेर पडते. बहुतेक पुस्तकी उत्तरं ‘स्ट्रिक्ट करा’, म्हणजे आळस सोडून लगेच हिशेब करा, एवढंच सांगतात. कुठे करा, हे सांगत नाहीत, आणि पोरं सगळीकडे करून ठेवतात. हॅस्केलच्या तयार संचातही स्टेट मोनॅडच्या, म्हणजे आपल्या आवकेसारखी गोष्ट पावलापावलानं पुढे देणाऱ्या मोनॅडच्या, दोन आवृत्त्या मिळतात, लेझी आणि स्ट्रिक्ट. फरक नेमका ‘जोड’मधल्या या ‘धर’ आणि ‘फोड’चा आहे. नाव वाचून वाटतं की स्ट्रिक्ट आवृत्ती आतला सगळा हिशेब उरकून टाकते. तसं नाही. ती फक्त लखोटा फोडते, लखोट्यातल्या चिठ्ठ्या तशाच राहतात.

## पहिलं अक्षर की पूर्ण ओळ?

तो चौथा प्रकारही पुरता बरोबर नाही, आणि हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. ‘वाच’मध्ये ‘फोड’ लावल्यावर ओळीचं किती वाचलं जातं? फक्त पहिलं अक्षर. एन्टरपाशी तोडलेल्या तुकड्यांचा लखोटा फोडायला तेवढंच पुरतं. पुढची अक्षरं पुन्हा चिठ्ठीच.

मग लॅबमध्ये ते नीट कसं चाललं? टर्मिनल, म्हणजे ती काळी खिडकी, एन्टर दाबेपर्यंत काहीच पुढे देत नाही, आणि एन्टर दाबलं की पूर्ण ओळ एकदम देतं. पहिलं अक्षर पोचलं तेव्हा बाकीची अक्षरंही पोचलेली होती. तेच टर्मिनल ‘कळ दाबली की अक्षर लगेच द्यायचं’ या पद्धतीवर टाकलं, आणि ‘औ’ टाइप होताच दुसरा प्रश्न आला. नशिबानं चालणाऱ्या प्रोग्रामची मला भीती वाटते. न चालणारा निदान चूक दाखवतो.

यावरचा उपाय असा:

वाच = आवक →
  धर (ओळ, बाकी) = एन्टरपाशी तोड आवक
  तर (ओळ, बाकी, (लांबी ओळ) आधी "")

‘अ आधी ब’ म्हणजे अ-ची चिठ्ठी उघडल्याशिवाय ब द्यायचा नाही. हॅस्केलमध्ये याला सेक् म्हणतात. काटेकोर बोलायचं तर सेक् क्रमाची हमी देत नाही. ब हातात येईल तेव्हा अ मोजलेला असेल, एवढंच सांगतं. आपल्याला तेवढं पुरतं. ‘वाच’ची जावक अजूनही रिकामीच आहे, पण ती रिकामी आहे हे सांगायला आधी ओळीची लांबी मोजावी लागते. लांबी मोजायला एन्टर सापडावं लागतं. एन्टर सापडायला माणसानं उत्तर द्यावं लागतं. दुसरा प्रश्न या रिकाम्या तुकड्यामागे चिकटवलेला आहे, त्यामुळे तोही थांबतो. स्क्रीनवर एक अक्षरही न छापणाऱ्या तुकड्यावर सगळा संवाद तोलला आहे. मला हे दर वेळी नव्यानं आवडतं.

‘लांबी’च्या जागी नुसतं ‘ओळ आधी’ लिहिलं तर पुन्हा पहिल्या अक्षरावरच येऊन थांबू, कारण सेक् चिठ्ठीचा बाहेरचा एकच पदर उघडतो.

## हे बफरिंगमुळे तर होत नाही ना?

हा आक्षेप योग्य आहे, आणि पुष्कळदा खरंच तसं असतं. आपल्याकडची काळी-पिवळी जीप सीटा भरल्याशिवाय निघत नाही, तशी स्क्रीनकडे जाणारी अक्षरं एका गाडीत बसवली जातात; हेच बफरिंग. हॅस्केलचा प्रोग्राम कंपाइल करून, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवून, टर्मिनलवर चालवला की ही गाडी साधारणपणे ओळ पूर्ण झाल्यावर सुटते. ‘गाव कोणतं?’ यापुढे नवी ओळ नसेल तर प्रश्न तयार असूनही गाडीतच बसून राहतो. हा मुकेपणा वेगळा. जीएचसीआय या संवादी खिडकीत बफरिंग बंद असतं, म्हणून तोच प्रोग्राम तिथे ठीक चालतो आणि बाहेर बिघडतो.

त्यामुळे आधी बफरिंग बंद करा. तरीही खिडकी कोरी राहिली तर ‘फोड’ कुठे कुठे लावलंय ते बघा. आणि प्रश्न पुढे पळत असतील तर बफरिंगचा काही दोष नाही. गाडी उशिरा सुटेल, पण पुढे जे बसलंय तेच पुढे जाईल.

## खऱ्या आयओमध्ये हे करावंच लागत नाही, मग शिकायचं कशाला?

हेही खरं. हॅस्केलच्या तयार आयओ (इनपुट-आउटपुट, म्हणजे आवक-जावक) मोनॅडमध्ये ओळ वाचा म्हटलं की प्रोग्राम थांबतो. जीएचसी या कंपाइलरमध्ये प्रत्येक पाऊल एक टोकन घेतं आणि पुढच्या पावलाला टोकन देतं. हे टोकन ‘आतापर्यंतच्या जगा’च्या जागी उभं असतं, प्रोग्राम चालताना त्याला मेमरीत जागाही लागत नाही. मागच्याचं टोकन आल्याशिवाय पुढचा हलू शकत नाही. आपण रिकाम्या जावकेतून जी गरज निर्माण केली, तीच तिथे टोकनातून होते.

पण टोकन पावलं क्रमानं लावतं, मूल्यं उघडत नाही. इथे कामावरची माणसंही फसतात. पूर्ण फाइल वाचण्याचं हॅस्केलचं जुनं साधन आळशी आहे: फाइल उघडून मजकुराची चिठ्ठी घेतली, फाइल बंद केली, आणि मग चिठ्ठी उघडली, तर मजकूर हाती लागत नाही. दुसरी फसगत याहून छुपी. शून्यानं भागणारा हिशेब रिटर्न केला, म्हणजे पावलाचं उत्तर म्हणून दिला, आणि त्याभोवती चूक पकडणारं कुंपण घातलं, तरी चूक कुंपणाच्या आत घडतच नाही. चिठ्ठी न उघडता बाहेर जाते आणि पुढे जो तिला हात लावेल त्याच्या हातात फुटते. तिथे रिटर्नऐवजी इव्हॅल्युएट, म्हणजे चिठ्ठी तिथेच उघडा, असं लिहावं लागतं. ज्या मुलांनी ‘तुमच्या’पाशी अडकलेला प्रश्न पाहिला आहे, त्यांना ही चूक सापडायला वेळ लागत नाही. ज्यांनी थेट तयार आयओपासून सुरुवात केली, ती कुंपण पुन्हा पुन्हा तपासत बसतात.

## आणि समोरचा उठून गेला तर?

‘आधी’ लावलेला प्रोग्राम घेऊन ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. या वेळी तिनं गाव विचारताच कंट्रोल-डी दाबलं होतं, म्हणजे आवक संपली. प्रोग्राम थांबला नाही. ओळ रिकामी, लांबी शून्य, लांबी मिळाली म्हणून दुसरा प्रश्न आला. त्याचंही उत्तर रिकामं, आणि रिकाम्या मजकुराचा आकडा करताना प्रोग्राम कोसळला. रिकामं उत्तर आणि उत्तरच नाही, या दोन गोष्टी आमच्या ‘वाच’ला सारख्याच दिसत होत्या.

मग ‘वाच’नं ओळ न देता ‘ओळ मिळाली, ती ही’ किंवा ‘आवक संपली’ यांपैकी एक द्यायला हवं, आणि ‘आधी’ला आता लांबीबरोबर या दोहोंतलं काय झालं तेही बघावं लागेल. तिनं वहीत दोन्ही फांद्या काढल्या होत्या. दुसरीच्या टोकाला, ‘आवक संपली’ याच्यापुढे, अजून काही लिहिलेलं नव्हतं. ‘इथं काय छापायचं, मॅडम? की काहीच नाही?’ एवढं विचारून ती कीबोर्डकडे वळली.